आडनाव ओव्हाळ

हिरा ओव्हाळ हे नाव ज्याने ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधावा लागेल. जयंतीच्या मिरवणुकीत तिचा आवाज असतो, लग्नाच्या वरातीत असतो. टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धेत ती परीक्षक म्हणून बसते आणि एखादी मुलगी जीव ओतून गायली की पदराने डोळे टिपते. तिच्या नवऱ्याचं नावही लोकांना माहीत आहे. ते मुंबईचे संगीत संयोजक देसाई. मग ही ओव्हाळ कशी, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. पडलाच तर माहेरचं नाव असेल म्हणून लोक सोडून देतात. माहेरची ती गायकवाड, लोणी काळभोरची. ओव्हाळ हे आडनाव पोपटचं.

पोपट ओव्हाळ स्वारगेटच्या बस डेपोत मेकॅनिक होता. येरवड्यात विहाराच्या मागच्या गल्लीत त्याचं घर. घरात आई इंदुबाई, अंगणवाडी चालवणारी बायको रुपाली आणि एमए करून स्पर्धा परीक्षेच्या मागे लागलेली मुलगी सृष्टी. हिराशी त्याचं पहिलं लग्न झालं होतं हे घरात कुणी कुणापासून लपवलं नव्हतं. गल्लीतल्या जुन्या लोकांनाही ते ठाऊक होतं. पण जुनी माणसं कमी होत गेली, नवे भाडेकरू आले आणि गोष्ट आपोआप मागे पडली. कॉलेजात कुणी सृष्टीला विचारलं, "हिरा ओव्हाळ तुझी कोण गं?" तर ती म्हणायची, "ओव्हाळ पुष्कळ आहेत."

लग्न झालं तेव्हा हिरा एकोणीस वर्षांची होती. पोपटला गाण्यातलं काही कळत नव्हतं. ही गायला लागली की बोलणारी माणसं गप्प होतात, एवढं मात्र त्याच्या लगेच लक्षात आलं. जवळचा कार्यक्रम असला की तो तिला लुनावरून न्यायचा. लांबचा असला की डेपोतून सुटून, पेटी खांद्यावर घेऊन तिच्याबरोबर बसमध्ये चढायचा. दौंड, भोर, कधी पार अकलूज. इंदुबाई तेव्हा ससून हॉस्पिटलात आया होत्या. ड्यूटीवरून येऊन त्या स्वयंपाकाला लागायच्या आणि सुनेला रियाजाला बसवायच्या.

शेजारणी म्हणायच्या, "सून गाणी म्हणतीय आन सासू भाकरी थापतीय."

इंदुबाई म्हणायच्या, "मला गाता येत न्हाई, तिला भाकरी येत न्हाई. ज्याचं त्यानं करावं."

मग पहिली कॅसेट निघाली. नाव काय छापायचं असं कंपनीच्या माणसाने विचारलं तेव्हा हिराने लग्नानंतरचं नाव सांगितलं. दुसरं सांगायचं काही कारणच नव्हतं. कॅसेट गावोगाव वाजली आणि मुंबईहून बोलावणं आलं. पोपट बिनपगारी रजा काढून तिच्याबरोबर गेला. चेंबूरला एका नातेवाइकाकडे दोघं राहिली. ती स्टुडिओत आत गायची, तो बाहेर बसायचा. तिथे त्याला खुर्ची मिळायची, चहा मिळायचा, लोक आदराने बोलायचे. फक्त हाताला काम नव्हतं. दिवसभर हाताला ग्रीस लागलं नाही की त्याला आजारी असल्यासारखं वाटायचं. रजा संपली तसा तो पुण्याला परत आला.

सुरुवातीला हिरा दर आठवड्याला यायची, मग महिन्याने, मग सणाला. भांडण असं कधी झालं नाही. एकदा ती आली आणि जेवता जेवता म्हणाली, "मला इथे आल्यावर पाहुणी आल्यासारखं वाटायला लागलंय."

पोपट म्हणाला, "मला तिकडे तसंच वाटायचं."

पुढचं बोलणं त्यातच आलं होतं. दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. कोर्टातून बाहेर पडल्यावर दोघांनी शिवाजीनगरला मिसळ खाल्ली आणि पोपटने तिला मुंबईच्या गाडीत बसवून दिलं. इंदुबाई पुष्कळ दिवस दोघांवरही रागावल्या होत्या. पोपटलाही ती वर्षं जड गेली. रस्त्यात कुठल्या टपरीवर तिचं गाणं लागलं की तो पलीकडच्या फुटपाथवर जायचा.

मग रुपालीचं स्थळ आलं. ती सासवडची, सडेतोड. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, "मन अजून तिकडेच नाही ना?"

पोपटने खरं ते सांगितलं. "थोडं आहे. कमी होईल."

ते उत्तर रुपालीला पटलं. आणि पुढे तसंच झालं.

यंदा विहाराच्या वरच्या मजल्यावर वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका बांधून पूर्ण झाली. समितीचे अध्यक्ष नागोराव मूळचे नांदेडकडचे, वस्तीत तसे नवे. उद्घाटनाला हिरा ओव्हाळ यांना बोलवावं असं त्यांच्याच डोक्यात आलं आणि हिराबाईंनी चक्क होकार दिला. त्यानंतर कुणा म्हाताऱ्याने नागोरावांच्या कानात जुनी गोष्ट सांगितली. नागोराव त्याच संध्याकाळी पोपटच्या घरी आले.

"पोपटराव, जरा नाजूक विषय आहे."

"बोला."

"हिराताई येणार आहेत. आता तुमचं आणि त्यांचं, म्हणजे ते जुनं..."

"लग्न झालं होतं आमचं," पोपट म्हणाला. "गुन्हा नव्हता तो."

"नाही नाही, तसं नाही. पण पत्रकार येतील. कुणी भलतंच विचारलं तर अभ्यासिका राहील बाजूला. म्हणून म्हटलं, तुम्ही पुढच्या रांगेत वगैरे..."

"मी पार्किंग बघतो."

इतक्या लवकर सुटका होईल असं नागोरावांना वाटलं नव्हतं. त्यांनी समाधानाने चहाचा कप उचलला. रुपाली म्हणाली, "आम्ही बाकीच्यांनी कुठे बसायचं तेही आत्ताच सांगून ठेवा. नाहीतर मी आपली गच्चीतून बघते." नागोरावांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि ते निघाले.

सृष्टीला मात्र हे लागलं. ती म्हणाली, "पप्पा, तिच्या वेबसाइटवर तुमचं नाव नाही. मुलाखतीत सांगते, लोणीहून थेट मुंबईला गेले. मग मधली वर्षं काय बसच्या टपावर होती का?"

"टपावर कशाला? आत. खिडकीशी बसायची."

"तुम्हाला राग कसा येत नाही?"

"यायचा तेव्हा." त्याला बोलायला वेळ लागायचा. "आता तिचं गाणं लागलं की आवाज नीट आहे का एवढंच बघतो. गाडी सुरू झाली की इंजिन ऐकतो तसं. नीट असलं की बरं वाटतं."

इंदुबाई कॉटवर बसून ऐकत होत्या. गुडघ्यांमुळे त्यांचं गल्लीबाहेर जाणं बंद झालं होतं. त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, घरी यून जा."

"मी नाही सांगणार आई. मोठी माणसं, त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात."

"नको सांगू. मी बसते तयार हून."

कार्यक्रम फेब्रुवारीतल्या एका रविवारी, ऊन उतरल्यावर होता. मंडप भरून गेला. माणसं भिंतींवर चढून बसली. पोपट गळ्यात शिट्टी अडकवून शाळेच्या मैदानात दुचाक्या लावून घेत होता. तेवढ्यात नागोराव धापा टाकत आले. बंडगार्डनच्या पुलावर एक टेम्पो आडवा बंद पडला होता आणि हिराताईंची गाडी मागे अडकली होती. पोरं कुणी स्टेजवर, कुणी वायरी ओढण्यात गुंतलेली. जवळ स्कूटर आणि हेल्मेट असलेला मोकळा माणूस एकच होता.

"पोपटराव," नागोराव खाली बघत म्हणाले, "तुम्हीच जा आता."

"पत्रकार बघतील की."

"बघू द्या हो. माणसं खोळंबलीत."

पोपटने सृष्टीचं हेल्मेट बरोबर घेतलं. त्यावर तिने मांजराचे स्टिकर चिकटवलेले होते. पुलाच्या अलीकडे स्कूटर लावून तो गाड्यांमधून चालत गेला. काळ्या काचांची मोठी गाडी होती. त्याने पुढच्या काचेवर टकटक केलं. आतल्या तरुण मॅनेजरने काच थोडीशी खाली घेतली.

"आपण?"

"विहारातून आलोय. मॅडमना न्यायला. स्कूटर आहे."

"मॅडम टू-व्हीलरवर जात नाहीत."

मागची काच खाली आली. "समर्थ," आतून आवाज आला, "मॅडम पुष्कळ वर्षं लुनावरूनच जायच्या."

हिराने त्याला बोलण्यावरून ओळखलं होतं. पांढरी साडी, निळे काठ, केस व्यवस्थित बांधलेले. ती टीव्हीवर दिसते त्यापेक्षा थकलेली वाटली आणि तरी हसल्यावर तीच होती. पोपटने हेल्मेट पुढे केलं. तिने मांजरं बघितली, हेल्मेट डोक्यात घातलं आणि साडी सावरत त्याच्या मागून चालू लागली. आजूबाजूच्या गाड्यांतून कुणाचं लक्षही गेलं नाही.

"धरून बसा," पोपट स्कूटर सुरू करत म्हणाला.

"बस म्हणालात तरी चालेल."

टेम्पोच्या पुढे रस्ता मोकळा होता. पोपट बेताने चालवत होता. एका गतिरोधकावर स्कूटर जरा उडाली आणि हिराच्या तोंडून निघून गेलं, "अहो, हळू." चौकातल्या सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "मी तुमचं नाव कधीच कुठे घेतलं नाही. आधी कंपनीवाले म्हणाले, सांगू नका. मग पुन्हा लग्न झालं. मग लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. मला बरं नाही वाटत त्याचं. आज घेते. स्टेजवरून, सगळ्यांसमोर."

"नको," पोपट म्हणाला.

"रागाने म्हणताय?"

"नाही गं." सिग्नल सुटला, त्याने गियर टाकला. "तू नाव घेशील आणि मुंबईला जाशील. उद्या माणसं अंगणवाडीच्या दारात उभी राहतील. रुपालीला विचारतील, तुम्हाला काय वाटतं. तिला काय वाटतं ते ती मला रोज सांगते, तेवढं पुरे आहे. आणि माझं नाव पोपट. डेपोत चेष्टेला तेवढं बास होतं."

हिरा हसली. पाठीमागून ते हसू ऐकताना पोपटलाही हसू आलं.

"आडनाव तरी बदलायला हवं होतं मी," ती म्हणाली.

"का? वापर की. वापरून आमचं काही कमी झालं नाही."

कारागृहाच्या लांबलचक भिंतीवरून पुढे आल्यावर तिने विचारलं, "आई आहेत?"

"आहे. दुपारपासून नवं लुगडं नेसून बसलीय. कुणाची वाट बघतेय असं मात्र म्हणत नाही."

"मग आधी घरी चला."

"अगं, मंडपात माणसं..."

"त्यांना टेम्पोचं कारण सांगा."

पोपटने स्कूटर विहाराच्या मागच्या गल्लीत वळवली.

दार रुपालीने उघडलं. दोघी पहिल्यांदाच समोरासमोर येत होत्या. रुपालीने वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं.

"जय भीम, ताई. हेल्मेट तेवढं काढा, नाहीतर आई ओळखायच्या नाहीत."

"जय भीम," हिरा म्हणाली आणि गडबडीने हेल्मेट काढताना तिचे बांधलेले केस सुटले. रुपालीने आतून कंगवा आणून तिच्या हातात दिला.

इंदुबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं. तिच्या तोंडावरून, दंडावरून हात फिरवला.

"बारीक झालीस," त्या म्हणाल्या.

हिरा अजिबात बारीक झालेली नव्हती. "न्हाई ओ आई," ती म्हणाली. लोणीची बोली तिच्या तोंडात अशी परत आली की रुपाली चमकून बघायला लागली.

"घसा बरा हाय का? सुंठ-गूळ खातीस का इसरलीस?"

"कधी खाती, कधी इसरती."

"इसरू नगं." मग इंदुबाईंनी विचारलं, "तिकडं सुखात हाईस न्हवं?"

"हाय."

"मग झालं. ह्योबी हाय सुखात. ही लई चांगली मिळाली त्याला." त्यांनी रुपालीकडे बोट केलं. "तुझ्यापरास तोंडाळ हाय, पर भाकरी येती."

हिरा हसता हसता रडायला लागली. इंदुबाईंनी तिला रडू दिलं आणि मग, "काजळ पसरंल," म्हणून गप्प केलं. हिराने तोंड पुसलं आणि उठून उभी राहिली. "आई, चला माझ्यासंगं."

"मला कुठं चालवतंय."

"चालायचं न्हाई. रिक्षा आणू की."

नागोराव हातात गुच्छ घेऊन स्कूटरच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. रिक्षा आली तेव्हा त्यांनी ती बाजूला घ्यायला सांगितली. मग त्यातून आधी हिरा ओव्हाळ उतरल्या, मग रुपाली, आणि दोघींनी मिळून इंदुबाईंना खाली घेतलं. मागून स्कूटरवर पोपट आला आणि सरळ मैदानात जाऊन दुचाक्यांच्या रांगेत उभा राहिला.

फीत कापायची वेळ आली तेव्हा हिराने तबकातली कात्री उचलली आणि इंदुबाईंच्या हातात दिली.

"ताई, फीत आपण कापायची आहे," नागोराव हळूच म्हणाले.

"मी गाणार आहे. फीत आई कापतील. या वस्तीत माझ्या आधीपासून आहेत त्या."

तरुण मुलांना वाटलं, मोठ्या कलाकाराचं मोठं मन. जुन्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावले. कात्री बोथट होती. इंदुबाईंनी दोनदा प्रयत्न केला आणि "असली कात्री कशाला आणायची," असं माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं. तिसऱ्यांदा फीत तुटली. टाळ्या वाजल्या. एका पत्रकाराने पुढे येऊन विचारलं, "आजी, तुमचं नाव काय?"

"इंदुबाई ओव्हाळ."

"ओव्हाळ? म्हणजे हिराताईंच्या नात्यात का तुम्ही?"

"तुला काय करायचंय? फोटो काढ."

माइकसमोर उभी राहिल्यावर हिराने बोलणं थोडक्यात आवरलं. ती म्हणाली, "मी रियाजाला बसायचे तेव्हा याच गल्लीत माझ्या वाटणीचं काम दुसऱ्यांनी केलं. इथे अभ्यासाला बसणाऱ्या मुलामुलींनो, तुमच्या वाटणीचं काम घरात कोण करतंय ते बघून ठेवा." एवढं बोलून ती गायला लागली. ऊन आता विहाराच्या कळसावर तेवढं उरलं होतं. भिंतींवर बसलेली पोरं पाय हलवायची थांबली.

पोपट मैदानात स्कूटरला टेकून ऐकत होता. रुपाली मंडपातून दोन कप चहा घेऊन आली.

"पुढे खुर्ची होती तुझी," पोपट म्हणाला.

"होती. आईंना आणि सृष्टीला बसवलंय. कसा आहे आवाज?"

"वरच्या पट्टीला जरा जपून जातेय. पण छान आहे."

रुपालीने ऐकलं. "छानच आहे," ती म्हणाली, आणि दोघांनी उभ्याने चहा घेतला.

कार्यक्रम संपला तेव्हा हिराची गाडी येऊन थांबली होती. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत ती सृष्टीपाशी गेली. सृष्टी जरा ताठच उभी होती.

"तुला कुणी विचारत असेल ना, हिरा ओव्हाळ तुझी कोण म्हणून? काय सांगतेस?"

"ओव्हाळ पुष्कळ आहेत, असं सांगते," सृष्टी म्हणाली.

"बरोबर सांगतेस. पण आडनाव आधी तुमचं आहे. मी नंतरची." हिराने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "अभ्यास कर. पुढे साहेब होऊन सही करशील तेव्हा लोक मला विचारतील, त्या साहेब तुमच्या कोण."

सृष्टी म्हणाली, "माझं हेल्मेट आमच्या घरी राहिलं ना?" आणि दोघी हसल्या.

गाड्या बाहेर काढताना पोपटने हिराच्या गाडीसाठी शिट्टी वाजवून रस्ता मोकळा केला. काच खाली झाली. त्याने हात वर केला, तिने नमस्कार केला, आणि गाडी नगर रस्त्याकडे वळली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'अभ्यासिकेच्या उद्घाटनप्रसंगी हिरा ओव्हाळ व वस्तीतील एक ज्येष्ठ महिला.' सृष्टी चिडून संपादकांना फोन करणार होती. इंदुबाईंनी फोटो डोळ्यांशी नेऊन नीट बघितला, "चांगला आलाय," म्हणाल्या आणि पेपर घडी घालून उशाखाली ठेवला.

पोपट पहिल्या पाळीला निघाला होता. रुपालीने त्याच्या हातात डबा दिला.

"येत्या रविवारी मला सासवडला घेऊन चला. स्कूटरवर."

"एवढ्या लांब? बसने जाऊ की. पास आहे माझा."

"महाराष्ट्राची लाडकी गायिका स्कूटरवर बसते आणि मी बसने जाऊ?"

रविवारी दोघं सकाळीच निघाली. दिवे घाटात त्याने गाडी कडेला घेतली, कारण रुपालीला खालचं पाणी बघायचं होतं. येताना माहेरच्यांनी अंजिरांची टोपली दिली. ती दोघांच्या मध्ये बसवताना रुपालीला जागा पुरेना, तशी ती टोपली मांडीवर घेऊन बसली आणि घाट उतरेपर्यंत निवडून निवडून, पिकलेली अंजिरं मागून पोपटच्या तोंडात घालत राहिली.